विस्तव सातव्या मजल्यावर

हिवाळ्यातल्या सकाळी राखेला एक कोमट, किंचित खारट वास असतो. गोडदेव गावातल्या काकीच्या घरात तो असा मुरला होता की भिंती पाडल्या तरी तो मागे उरेल, असं वाटे. ते घर पाडकामातून वाचावं म्हणून मी वर्षभर पत्रकं लिहिली. चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवरच अक्षरं गिरवत मी मोठी झाले. त्यांच्याप्रमाणेच माझ्याही प्रत्येक पत्रकात 'आग' हा शब्द असे. घर गेलंच. ते रिकामं करायच्या दिवशी माझ्यात संतापसुद्धा उरला नव्हता.

काकीने चुलीतले निखारे मडक्यात घेतले, वर राख पसरली. "पयलं दूध याच्याव उतू जाईल, न्हायतर त्या घरान मी शिजवनार न्हाय."

नव्या इमारतीत वॉचमनने लिफ्टपाशी अडवलं. "आंटी, लिफ्ट में आग अलाउड नहीं है."

"आग न्हाय रं, विस्तव हाय!"

"वही तो!"

"आग तुज्या डोक्यान हाय," म्हणत काकी जिन्याकडे वळली. मडकं माझ्या हातात.

अग्नी पेटवायला शिकण्याआधी माणूस तो सांभाळायला शिकला असावा. वणव्यातून उचललेला निखारा जपत, श्वापदांना गुहेच्या तोंडाशी अडवत, कडू कंद भाजून मऊ करत, जिथे त्याच्या उघड्या कातडीचा निभाव लागला नसता तिथेही तो राहिला. बाकीचे शिकारीला गेले की राखेपाशी कुणीतरी एकटी बसून राहत असेल. तिच्यावर कुणी पत्रक काढलं नसेल. राख आणि राखणं हे शब्द इतके जवळचे आहेत, हे मला त्या जिन्यात, धापा टाकताना जाणवलं.

सातव्या मजल्यावर मडकं उघडलं, तर सगळं काळं. काकीचा चेहरा उतरला. मी घाईने जोरात फुंकलं. राख दोघींच्या तोंडावर उडाली.

"भाषन देतंस का गं बाय? हलू फुक!"

मग तीच वाकली. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर घालावी तशी फुंकर. तळाशी एक तांबूस ठिपका उघडला.

गॅलरीत शेगडी पेटली, दूध उतू गेलं. जळक्या सायीचा वास त्या कोऱ्या भिंतींना पहिल्यांदाच लागला. काकीने उरलेले निखारे मडक्यात घेऊन त्यांच्यावर राख ओढली आणि चकचकीत ओट्याकडे बघत विचारलं, "आता याला ठेवू कुटं?"

मडकं मांडीवर घेऊन मी बसून राहिले. ते अजून गरम होतं.