आधी विचारायला हवं होतं

त्या वर्षी माझी श्रद्धा डळमळली होती. रोज नेमाने पोथी वाचूनही घरात शांतता नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही परळची खोली सोडून विरारला मनवेलपाड्यात राहायला आलो. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर, त्यामुळे नववीतली मुलगी दुपारभर एकटी. जुन्या मैत्रिणी तुटलेल्या, शेजारी अजून अनोळखी. शिकवणीचे सर मात्र बोलायला गोड. तिला पुस्तकं देत, आमची विचारपूस करत. आम्हाला त्यांचा मोठा आधार वाटे. ती क्लासला नको म्हणाली, तेव्हा आळस समजून मी रागावले. "सर सांगतील तसं वाग," असं बजावलं. त्यानंतर ती गप्पच झाली.

एका गुरुवारी अंगात कणकण होती म्हणून ऑफिसातून लवकर निघाले. घराजवळच्या दत्तमंदिरात शिरताना हार विकणाऱ्या मावशींनी थांबवलं. त्या किनाऱ्याकडच्या गावातल्या. आमची ओळख हार घेण्यापुरतीच.

"तुजी पोर मागं पायरीवर बसलेय. चार दिस झाले, याच येळेला येते. मी पानी देते तिला."

ती वेळ क्लासची होती. मी तावातावाने निघाले, तशी त्यांनी माझा हात धरला. "रागावू नको. आदी इचार, का जात नाय ती."

मी मुलीशेजारी जाऊन बसले आणि विचारलं. ती हळूच म्हणाली, "सगळे गेल्यावर सर मला एकटीला थांबवतात. अंगाला हात लावतात. म्हणाले, आईला सांगितलंस तरी ती माझंच ऐकेल."

सरांनी मला बरोबर ओळखलं होतं. हे आजही टोचतं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "तुझी काही चूक नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस चौकीत गेलो. ते कळल्यावर क्लासमधल्या आणखी दोघींच्या आया पुढे आल्या. क्लास बंद झाला, सरांवर खटला उभा राहिला. मुलीला सावरायला वर्ष गेलं, पण ती पुन्हा मोकळेपणाने बोलू लागली.

मावशींचे आभार मानायला गेले, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "माज्या पोरीला तवा कोनी इचारलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

याला योगायोग म्हणावं की कृपा, यावर मी वाद घालत नाही. इतकी वर्षं देवापुढे डोकं टेकवत होते, पण आपलंच खरं हा ताठा काही सोडला नव्हता. तो मुलीचं ऐकताना सुटला. दत्तगुरूंनी मला वेळेवर तिच्याजवळ बसवलं, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.