त्यांचा लाल, आपला लाल

त्या एप्रिलमध्ये दापोऱ्यातल्या आमच्या घड धरलेल्या केळीला तीन दिवस पुरेसं पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी ते एका अनोळखी माणसामुळे मिळालं. बिहारमधून नेपाळात जाणाऱ्या वीजवाहिनीवर काम करणारा हा माणूस सुटीत घरी, बऱ्हाणपूरला चालला होता. बस पंक्चर झाली म्हणून तो बाटली भरायला आमच्या शेतात आला आणि आल्या आल्या हे सगळं सांगून बसला.

मोटर चालू होती, पण पाइपातून जेमतेम धार पडत होती. बोर आटली असं समजून काकांनी ती आणखी खोल करायला दुपारसाठी बोरिंगची गाडी बोलावली होती. त्या माणसाने पाइपावर तळवा ठेवून विचारलं, “मोटर जळली होती का, काका? रिवाइंड करून आणली?”

“आणली. नेपाळात बोरही तपासता का?”

“बोर ठीक आहे. परत बसवताना दोन तारा उलट्या जोडल्या, म्हणून मोटर उलटी फिरून राहिली.”

त्याने वीज बंद केली, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले आणि मगच दोन तारांची अदलाबदल केली. तिन्ही तारांना ओळखीसाठी रंगीत पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “सरहद्दीवर तारा जोडायच्या आधी आम्ही हेच पाहिलं. त्यांचा लाल तोच आपला लाल आहे ना.”

मग फ्यूज काकांच्या हातात दिले. काकांनी ते बसवून मोटर चालू केली आणि पाणी धो धो आलं. काकांनी त्याची बाटली स्वतः भरली. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि नाव विचारायचं राहिलं. काका अजून त्याला ‘आपला नेपाळवाला’ म्हणतात.

बोरिंगची गाडी परत गेली. नेपाळवाल्याने तारांना गुंडाळलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या अजून तिथेच आहेत.