नाखव्याचं शीड

त्या वाऱ्याची आठवण आली की आजही कामात लक्ष लागत नाही. मी पोलिसात शिपाई होते. ठाण्यात बाई मी एकटीच. वादळाने झाडं पडून अंधेरीहून वेसाव्याला जाणारा रस्ता बंद झाला, मढची होडी बंद, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. दुसऱ्या दिवशी तक्रारींची रीघ लागली. ज्याचे पत्रे उडाले, तो शेजाऱ्याला चोर म्हणे.

वेसाव्याच्या एका नाखव्याच्या होडीचं नवं शीड गेलं होतं. एका मासळीवालीने खबर दिली, "त्याच्या शेजारची म्हातारी ओढत नेत होती. या डोळ्यांनी बघितलं."

फौजदारसाहेब, हवालदार आणि मी पायीच निघालो. नाखवाही मागोमाग आला. वारा अजून थांबला नव्हता. म्हातारी बंद दारापुढे आडवी बसली होती.

"शीड कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"मना नाय ठाव."

"सरक, नाहीतर ठाण्यात बसवीन."

"बसव. पन आत पाय नाय टाकायचा."

चोर आमच्याकडे बघतो. ही सारखी आभाळाकडे बघत होती. साहेब मला म्हणाले, "बाई, आत जा. मुद्देमाल काढून आणा."

मी बाई म्हणून म्हातारी सरकली. आत तिची सून होती. वादळातच बाळंत झालेली. छप्पर उडालं होतं आणि खाटेवर शीड ताणलं होतं. झोत आला की ते फाडफाड वाजे, पोर दचके.

"सासू सांगत का नाही गं?"

"सुवेराचं, बाळंतिणीच्या विटाळाचं शीड नाखवा होडीवर चढवील काय? बारा दिवस झाले की धुऊन, गोमूत्र शिंपडून ती गुपचूप परत ठेवनार होती."

मी बाहेर येऊन सांगितलं. नाखवा लाल झाला.

"मागायला तोंड नव्हतं?"

"दिलं असतंस?" म्हातारी म्हणाली.

साहेबांनी दाराकडे बोट करून मला पुन्हा खूण केली. मी परत दाराकडे वळले. तेवढ्यात मोठा झोत आला, आत शीड वाजलं आणि पोर रडायला लागलं.

"असं बांधतात काय?" नाखवा ओरडला.

"मी बांधलं. तू होतास काय तवा?"

बाळंतिणीच्या खोलीत त्याला जाता येईना. मी आत गेले आणि तो दाराबाहेरूनच मला सांगू लागला, "बाय, खालची दोरी सैल सोड. वारा खालून जाऊ दे. आता वरची ताण. आनखी." शीड वाजायचं थांबलं. मग त्याने साहेबांना तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं आणि जुनं शीड शिवायला निघून गेला.

दार अडवणारा प्रत्येक माणूस चोरी लपवत नसतो, एवढं मी तिथे शिकले. पुढे कुणाच्याही घरात शिरण्याआधी मी उंबऱ्याशी थांबून विचारत असे. पण एक गोष्ट अजून सुटत नाही. हुकूम झाला होता आणि मी वळले होते. नाखवा ओरडला नसता, तर त्या पोरावरचं शीड मी काढलं असतं का? वारा सुटला की हेच मनात येतं.