तारेच्या कंपनीचे शेअर

पाकीट आलं की ते आधी खिडकीच्या उजेडात धरायचं, मग पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं आणि मग पोस्टमनकडेच संशयाने बघायचं, ही त्यांची रीत. "कावून बदललं कंपनीचं नाव? काही तरी लपवून राहिले, भाऊ."

आमच्या हुडको कॉलनीत राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मूळचे नागपूरकडचे, दुर्ग स्टेशनातून निवृत्त झालेले तारबाबू. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कलकत्त्याच्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. ती समुद्राखालून तारा टाकायची. पुढे सरकारने तारा ताब्यात घेऊन भरपाई दिली. संचालकांनी ती रक्कम दुसऱ्यांच्या धंद्यात गुंतवली आणि तारेची कंपनी गुंतवणुकीची झाली. मग ती कुणाकुणात विलीन होत गेली. दर वेळी नवं नाव, नवं पाकीट.

"तार गेली, ऑफिस राहिलं," ते म्हणत. "मंग हे लोक दिवसभर करते काय?"

मी कॉलनीतल्यांचे फॉर्म फुकट भरून देतो. एकदा म्हटलं, शेअर मुलीच्या नावाने करून टाकू. नवरा गेल्यावर ती त्यांच्याकडेच परतली होती आणि पुढे तिला आधार तेवढाच होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाले कावून घाई?"

मला असा राग आला! पंधरा दिवस मी त्यांच्या दारावरून मान वळवून गेलो. शेवटी तेच चहाला बोलवायला आले, तेही फॉर्मचा विषय काढायचा नाही या अटीवर. खरं सांगतो, मलाही त्यांच्याशिवाय करमत नव्हतं.

ते वारल्यावर मुलीने त्यांची ट्रंक उघडली. वर जहाजाचं चित्र असलेलं जुनं देखणं शेअर सर्टिफिकेट, खाली पाकिटांचा ढीग.

"काका, हे ठेवू काय?"

"सर्टिफिकेट ठेव. बाकी रद्दीत दे," मी ऐटीत सांगितलं.

ते सर्टिफिकेट जोडून शेअर तिच्या नावाने करायचा अर्ज मीच पाठवला. महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. जहाजवालं सर्टिफिकेट केव्हाच रद्द झालं होतं. खरं सर्टिफिकेट कंपनीच्या शेवटच्या नावाचं, साध्या कागदावरचं, त्यातल्याच एका पाकिटातून आलेलं. त्यांनी ते खोटं समजूनही जपलं होतं. मी न वाचताच फेकायला लावलं.

आता नव्या प्रतीसाठी आधी पोलिसात तक्रार, मग दुर्गच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र. तिच्यासोबत मीच जातो. परवा मी भरलेला फॉर्म सहीसाठी तिच्यापुढे केला. तिने पेन बाजूला ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

मी उभाच होतो.

"बसा काका," ती वर न बघता म्हणाली, "मले वेळ लागन."