वन्सं आणि तात्यांचं बावखल

आमच्या वन्संइतकी पाण्याची काळजी वाहणारी, आणि त्यामुळेच चार माणसांत नकोशी होणारी बाई वसईपासून विरारपर्यंत दुसरी झाली नसेल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुंबईतल्या एका संस्थेत त्या पाण्यावर संशोधन करायच्या. दुष्काळ आणि पूर हे दोन वेगळे विषय आहेत असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. उन्हाळ्यात आपण ज्याच्यासाठी टँकरमागे धावतो तेच पाणी पावसाळ्यात दारातून हाकलून देतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण ते त्या बारशात, मुंजीत आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगायच्या. कुणाच्या घरी गेल्या की पाण्याचा पहिला घोट तोंडात घोळवून डोळे मिटायच्या, आणि डोळे उघडेपर्यंत घरातली सगळी माणसं निकालाची वाट बघत उभी राहायची. "मागच्या खेपेपेक्षा खारट झालंय," असं म्हणून त्या पेला खाली ठेवत. यजमानीणबाईंचा चेहरा उतरे, कारण पुढचा चहा त्याच पाण्याचा असायचा.

नातेवाइकांत कुणी फ्लॅट घ्यायला निघालं की वन्संना कळू न देण्याची एकच धडपड चाले. कारण त्या बिल्डरच्या माणसासमोर आवारात तांब्याभर पाणी ओतायच्या आणि ते कुठे वाहतं हे बघत त्याच्यामागून वाकून चालत जायच्या. आम्ही आचोळ्याला घर घेतलं तेव्हा तिथली भातशेती नुकतीच भर टाकून बुजवली होती. वन्संनी तांब्या रिकामा केला, पाणी जागच्या जागी थांबलं, आणि त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिसरा मजला घे. खालचं घर फुकट दिलं तरी घेऊ नकोस." तो चिडला, पण घेतला तिसराच. पुढे दर पावसाळ्यात खालची मंडळी गाद्या घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसली की तो वन्संचं नाव काढत नसे, नुसता खिडकीतून बाहेर बघत बसे.

संशोधनासाठी म्हणून त्या वसईजवळच्या भुईगावात भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. घरमालक तात्या वाडीवाले. केळी, पानवेल, सोनचाफा. घरामागे त्यांचं बावखल होतं, म्हणजे वाडवडिलांनी खणलेलं तळं, पावसाचं पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणारं. वन्सं रोज सकाळी साडी वर खोचून, पायांत गमबूट घालून त्यात उतरायच्या आणि रंगवलेल्या काठीनं पाणी मोजायच्या. तात्यांची बायको, काकी, अर्धांगवायूनं खाटेवर होती. खिडकीतून हा सोहळा बघून ती हसायची, आणि तिला हसताना बघायला मिळतं म्हणून तात्याही या बाईंचं सगळं चालवून घ्यायचे. संध्याकाळी वन्सं आणि तात्या काकीच्या खिडकीखाली ओट्यावर बसत. पाऊस तेवढाच आहे, पण त्याचा धीर सुटलाय, महिन्याभराचं दोन दिवसांत ओतून मोकळा होतो, असं वन्सं समजावत, आणि तात्या सुपारी कातरता कातरता मान डोलावत.

मग तात्यांच्या मुलानं वेगळ्या घराचा विषय काढला. जागा एकच होती, बावखलाची. विहीर तशीही मचूळ झाली होती, पिण्याला टँकर येतच होता, तळ्यात शेवाळाशिवाय काही उरलं नव्हतं. तात्यांनी राडारोड्याचे ट्रक मागवले. बावखल राखलं तर विहीर पुन्हा गोड होईल, असं सांगून वन्संनी त्यांना एक पावसाळा थांबायची विनंती केली. ते थांबले नाहीत, तेव्हा वन्संनी सरळ ग्रामपंचायतीत अर्ज दिला. आपल्या घरमालकाविरुद्ध, त्याच्याच ओसरीवर बसून लिहिलेला. तात्यांनी आवाज चढवला नाही. खोली सोडा, एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून काकीच्या खिडकीचं दारही बंद राहू लागलं.

सामान बांधायला मी जुलैत गेले, तो दिवस अजून अंगावर येतो. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी वीज गेली, एसटी बंद झाली, आणि मी भुईगावातच अडकले. वन्सं सामान बांधायचं सोडून दारात उभ्या राहून गल्लीकडे बघत होत्या. पाणी आधी पायरीला लागलं, मग ओसरीवर चढलं. भरती लागली होती, त्यामुळे नाला समुद्राकडे पाणी घेत नव्हता. आणि गल्लीतलं पाणी ज्या चरातून बावखलात उतरायचं, त्याच्या तोंडाशी राडारोड्याचा ढीग होता. पाणी तिथं येऊन वळत होतं आणि थेट तात्यांच्या घरात शिरत होतं.

वन्सं मला ओढतच तात्यांकडे घेऊन गेल्या. आत काकीची खाट. तात्यांनी खाटेच्या पायांखाली विटा लावल्या होत्या, पण पाणी विटांच्या वर आलं होतं. काकीला बोलता येत नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती आणि तिचा चांगला हात खाटेची कड घट्ट धरून होता. तिला उचलून न्यायचं तर बाहेर कमरेएवढा ओढा, आणि आम्ही तिघंच. मुलगा मुंबईला कामावर.

"तात्या, तोंड मोकळं करू या," वन्सं म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं असेल. मग तात्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि ते बाहेर पडले. वन्संनी फावडं घेतलं. मी काकीपाशी थांबले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवून. खिडकी उघडली तेव्हा दिसलं, दोघं छातीभर पाण्यात, ढिगाशी झोंबताहेत. तात्या पहार घालून दगड हलवत होते, वन्सं हातांनीच विटा भिरकावत होत्या. एकदा तात्यांचा पाय सटकला आणि ते दिसेनासे झाले. वन्संनी त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना वर ओढलं, आणि पुन्हा दोघं कामाला लागले. शेवटी एक मोठा दगड सरकला. पाणी खळाळत बावखलात पडायला लागलं.

घरातलं पाणी खाटेच्या कडेशी येऊन थांबलं. चढेना, उतरेना. दोघं आत परतल्यावर काकीच्या हाताला हात लावून आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. फार वेळानं ते बोटभर खाली गेलं, आणि मग उतरतच गेलं.

चार दिवसांनी तात्यांच्या अंगणात आळीतली माणसं जमली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात आपापली बावखलं बुजवायचं होतं. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले की बावखलानं त्यांची बायको वाचवली. मला वाटलं, झालं, वन्संनी वर्षानुवर्षं जे सांगितलं ते एका वाक्यात पटलं. आता या बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण वन्सं उठल्या. मी त्यांचा पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"तात्या, तसं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तोंड मोकळं केल्यावर अर्धं बुजलेलं बावखल थोड्याच वेळात भरून गेलं. त्यानं चढतं पाणी तेवढं अडवलं. उतरलं ते ओहोटी लागली म्हणून. उद्या भरती याहून मोठी असली तर अख्खं बावखलही पुरेल असं मी सांगू शकत नाही."

अंगणात कुणीतरी हसलं. माणसं उठून जायला लागली. तात्या आपल्या पायांकडे बघत बसून राहिले. घरी परतताना मी वन्संवर इतकी चिडले होते की रिक्षात तोंड फिरवून बसले. त्यांनीही समजूत काढली नाही. हातांवरच्या खरचटल्याच्या खपल्या तेवढ्या बघत होत्या.

आळीतली बाकीची बावखलं एकेक करून बुजली. तात्यांनी मात्र दिवाळीनंतर माणसं लावून राडारोडा काढला, मुलाला जुन्या घरावर मजला चढवून दिला, आणि बावखल होतं त्याहून खोल केलं. मला राहवेना, म्हणून मी त्यांना विचारलं, वन्संनी सगळं स्वतःच मोडीत काढल्यावर हे कशाला.

तात्या म्हणाले, "त्या दिवशी बाईंनी हो म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पन मग विहिरीचं पानी पुन्हा गोड होईल असं त्या म्हनतात, तेही मला बरं वाटावं म्हनूनच सांगितलं, असं वाटलं असतं."

वन्सं तोवर मराठवाड्यात गेल्या होत्या. संस्थेनं तिकडच्या कोरड्या तालुक्यात काम काढलं होतं, आणि त्या नव्या जागी नव्या लोकांना नकोशा होण्यात गढल्या होत्या. विहीर काही लगेच गोड झाली नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. मधे काकी गेली. मी फोनवर कळवलं, पण वन्सं तेव्हा येऊ शकल्या नाहीत.

नंतरच्या एका मे महिन्यात तात्यांचा निरोप आला म्हणून मी भुईगावला गेले. त्यांनी विहिरीतून कळशी ओढली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते पिता येत होतं, आणि तात्या माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी तिथूनच वन्संना मोबाईल लावला आणि सांगितलं. मला वाटलं, त्या आता खोली विचारतील, पातळी विचारतील, नमुना बाटलीत भरून ठेव म्हणतील.

पण त्या हळूच म्हणाल्या, "इथं सगळं सुकून भुरं झालंय गं. तिथं चाफ्याचा वास येतोय का?"

मी हो म्हटलं. वाडीत संध्याकाळ उतरत होती, आणि वास खरंच येत होता.