तीन वाजताची होडी

एका सोमवारी केबलवाला आला, त्याने डबा बदलला आणि तो गेला. तीन वाजता बाबांनी टीव्ही लावला. पडद्यावर मुली होडी वल्हवत होत्या. त्या टागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या भाषेत, बोलत होत्या.

आई जाऊन सात महिने झाले होते. बाबांना आम्ही नाशिकहून सौदीत, अल खोबरला बोलावून घेतलं होतं, भेटीच्या व्हिसावर. त्या व्हिसावर एका वेळी नव्वदच दिवस राहता येतं. त्यातले बावीस दिवस बाबा 'हो', 'नको' आणि 'जेवलो' एवढंच बोलले होते. माझी नऊ वर्षांची लेक त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि उत्तराची वाट न बघता निघून जायची. मी तिच्याच शाळेत ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकांत राहून मलाही घरात फार बोलायची सवय नव्हती. नवरा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या. घर शांत असायचं, आणि ती शांतता चांगली नव्हती.

त्या सोमवारी आम्ही दोघी शाळेतून आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. बाबा खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. केबलवाल्याने आमचा डबा समोरच्या फ्लॅटला लावला होता आणि तिथला आम्हाला. समोर फिलिपिनो नर्स राहायची. तिच्याकडे बिचारीकडे हिंदी मालिका चालू होत्या. मी रिमोट घेऊन म्हटलं, "बाबा, हे चुकून लागलंय. बदलून घेते."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "वारा उजवीकडून आहे. ही बया काठाला का चिकटलीय?"

बावीस दिवसांतलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. मी रिमोट खाली ठेवला.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याचं पाणी कुठून किती वेगाने जातं हे ते नुसतं बघून सांगायचे. ती मालिका जपानी होती, चित्रांची, टागालोगमध्ये डब केलेली. एका तळ्याकाठच्या शाळेतल्या पाच मुली. चौघी वल्हवायच्या, पाचवी मागे सुकाणू धरून बसायची आणि ठेका द्यायची: इसा, दलवा, तत्लो! एक, दोन, तीन. भाषेतलं आम्हाला तेवढंच कळायचं. बाकीची गोष्ट बाबा सांगायचे, मराठीत, आणि छातीठोकपणे.

"ही तिसऱ्या जागेवरची, हिचा खांदा दुखतोय. कुणाला सांगत नाहीये."

"हाऊ डू यू नो, आजोबा?"

"पाणी बघ ना. तिच्या वल्ह्याचं पाणी उशिरा उडतंय. डोळे कशाला दिलेत देवाने?"

दोन दिवसांनी केबलवाल्याने चूक सुधारली, पण नर्सची चॅनलं आमच्याकडेही राहू द्यायला मी त्याला सांगितलं. मग रोजची धावपळ सुरू झाली. शाळा अडीचला सुटायची. लेक दप्तर छातीशी धरून गाडीकडे पळत यायची. सिग्नल लाल झाला की ओरडायची, "आई, चल ना!" आई, चल ना. मराठीत! एरवी ती मला 'मम्मा, कम ऑन' म्हणायची. पण त्या मालिकेची भाषा आमच्या घरी मराठी होती. काय झालं ते विचारायचं तर आजोबांनाच विचारावं लागे, आणि आजोबा इंग्रजी प्रश्नाला अर्धंच उत्तर द्यायचे. हे ते मुद्दाम करायचे.

नर्सची ड्यूटी नसली की तीही यायची. ती बाबांना 'लोलो' म्हणायची, म्हणजे आजोबा. तीन वाजता तिघंही एका रांगेत बसून ठेका धरायचे. बाबांचा हात मांडीवर पडायचा, लेकीचा सोफ्यावर, नर्स टाळ्या वाजवायची. 'बिलिस! बिलिस!' म्हणजे 'लवकर! लवकर!' खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई एकदा वर आल्या आणि घरात कुणाचं लग्न आहे का म्हणून विचारून गेल्या.

सत्तर दिवस झाले तेव्हा मी बाबांना म्हटलं, "समुद्रावरच्या पुलावरून बहरीनला जाऊन आलं की आणखी नव्वद दिवस मिळतात. सगळेच करतात. राहा ना."

"जावयाच्या घरी तीन महिने म्हणजे पुष्कळ झालं," बाबा म्हणाले. "लेकीकडे पाहुणा म्हणून यावं. मुक्काम ठोकू नये."

मी आणखी दोनदा विचारलं. नवऱ्यानेही फोन करून विचारलं. बाबांच्या आईने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या 'नको'मागे तशा कितीतरी पिढ्या उभ्या होत्या. नाशिकचं घर कुलूपबंद होतं. तिथे ते एकटे कुणाशी बोलणार, या विचाराने माझं कामात लक्ष लागेना. शेवटी तिकीट काढलं, नव्वदाव्या दिवशी रात्री आठचं, बहरीनहून. आमच्याकडचे बरेच लोक तिथूनच उडतात.

मालिकेचा शेवटचा भाग, मोठ्या शर्यतीचा, त्याच दिवशी, शुक्रवारी होता.

लेकीने हिशेब केला आणि आजोबांसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पैज. आपली होडी जिंकली तर तुम्ही राहायचं."

"आणि हरली तर?"

"तर जा."

बाबांनी चष्मा पुसला. "हरणार. तिसरीचा खांदा गेलाय. कागद आण, लिहून घे. तोंडी व्यवहार मी करत नाही." तिने मोडक्यातोडक्या देवनागरीत लिहिलं: होडी जिंकली तर आजोबा राहणार. दोघांनी सह्या केल्या. कागद फ्रिजवर चुंबकाखाली गेला.

शुक्रवारी पुलावर गर्दी असते, म्हणून दीडलाच निघालो. नवरा कामावर होता, गाडी मीच चालवत होते. बाबांची बॅग मी डिकीत टाकली. ती हलकी लागली. म्हाताऱ्या माणसाचं सामान तरी किती, असं मनात आलं. आमच्या घराची किल्ली नर्सकडे होती. ठरलं असं होतं की तिने आमच्या हॉलमध्ये, बाबांच्या खुर्चीत बसायचं आणि फोन टीव्हीसमोर धरायचा.

तीन वाजता आम्ही पुलावर होतो. दोन्हीकडे समुद्र. मागच्या सीटवर आजोबा-नात एका फोनवर वाकलेले. मला फक्त ऐकू येत होतं, आणि आरशात त्यांची कपाळं दिसत होती.

"सुटल्या! आई, सुटल्या!"

"चौथ्या आहेत," बाबा म्हणाले. "असू दे. पुढच्यांना दमू दे."

"आजोबा, तिसरीचा खांदा!"

"बघतोय. दात आवळून धरलेत पोरीने. आता आतल्या अंगाने घ्या. आतल्या! हां! तिसऱ्या आल्या!"

इसा, दलवा, तत्लो. स्टिअरिंगवर माझी बोटं आपोआप ठेका धरू लागली. समोरच्या गाड्या मंदावल्या. पुलाच्या मधल्या बेटावर पासपोर्टच्या खिडक्या आहेत, तिथली रांग सुरू झाली होती.

"दुसऱ्या! आई, दुसऱ्या! अर्ध्या होडीचं अंतर..."

आणि फोन गप्प झाला.

बहरीनचं नेटवर्क आलं होतं. मी बाबांचा व्हिसा, गाडीचा विमा, तिकीट, सगळं केलं होतं. रोमिंग चालू करायचं राहिलं होतं. हा पूल ओलांडणारा प्रत्येक माणूस ही चूक एकदा करतो, आणि मी ती त्या दिवशी केली. लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. इसा, दलवा, तत्लो.

शेजारच्या रांगेत एक व्हॅन होती, सात-आठ फिलिपिनो पुरुष, सुट्टीला निघालेले. पुढच्याच्या हातात फोन होता. लेकीने काच खाली केली आणि ती किंचाळली, "बिलिस! बिलिस!" ते चमकले, मग हसले. एकाने खिडकीतून फोन बाहेर धरला. "कम, कम, लोलो!"

नेमकी त्यांची रांग सरकली.

मी मागे वळले तर मागचं दार उघडं. बाहत्तर वर्षांचे माझे बाबा व्हॅनच्या खिडकीवर हात ठेवून तिच्या बरोबरीने चालत होते, मान फोनमध्ये. त्यांच्यामागे लेक. रांगेवरचा पोलीस ओरडत आला, "हाजी! गाडीत बस! यल्ला, यल्ला!" बाबांनी त्याला बोटाने थांबवलं, जसं ते कधीकाळी पाट फोडणाऱ्यांना थांबवत असतील. पोलिसाने फोनमध्ये डोकावलं आणि तोही बघत उभा राहिला.

मला पडदा दिसत नव्हता. मला फक्त पाठी दिसत होत्या. मग व्हॅनमधून एकदम आरोळी उठली, हात बाहेर आले, पोलीस हसला, आणि लेक जागच्या जागी उड्या मारू लागली.

बाबा परत आले ते दोन्ही हात वर करून. "हरलो!" ते ओरडत होते. "हरलो गं! होडीच्या टोकाने हरलो!"

हरलेला इतका खूश माणूस मी पाहिला नाही. पलीकडे जाऊन आम्ही चहा प्यायलो आणि उलटे फिरलो. परतीच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने शिक्का मारता मारता विचारलं, "एवढ्यात परत?" लेक मधेच म्हणाली, "वी वन!"

घरी आलो तर बाबांचे तीन शर्ट दोरीवर वाळत होते. गोळ्यांची डबी फ्रिजवर होती. केवढा विसराळूपणा, म्हणून मी त्यांना रागावले. नर्सने शेवया परतून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी दोनदा मागून घेतल्या.

ते पुढचे नव्वद दिवस राहिले. मग नाशिकला गेले. तिथून लेकीला रोज फोन करायचे, तीन वाजता. पुढच्या वर्षी पौषात ते वारले.

महिन्याभराने नर्स माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅम, एक सांगू? ती मालिका जुनी आहे. मी शाळेत असताना पाहिलेली. लोलोने मला दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं, या जिंकतात का? मी सांगितलं, जिंकतात. ते म्हणाले, छोटीला सांगू नकोस."

मला दोरीवरचे शर्ट आठवले.

चॅनल अजून लागतं. तीनला आता दुसरी मालिका असते. लेक ती बघते आणि काय चाललंय ते मला मराठीत सांगते. कागद फ्रिजवर आहे. त्यावर दोघांच्या सह्या आहेत.