भाव उतरेपर्यंत

सिमेंटच्या दुकानदारांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते सुधारावं अशी माझी इच्छाही नाही. जवळजवळ तीन वर्षं मी नाशिकमधल्या त्यांच्या काउंटरपुढे उभी राहिले. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "साहेब नाही आले?" साहेब नाहीत. मी लग्न केलेलं नाही, वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करणारी बाई आईसाठी घर बांधते आणि भाव विचारायला स्वतः येते, हे पचायला त्यांना जरा वेळ लागायचा. मग ते चहा मागवायचे. त्या दुकानांत तेवढीच एक गोष्ट फुकट होती आणि तीही मला नको असायची.

आम्ही पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे गेलेले. जन्मभर मखमलाबादच्या मळ्यात झेंडू लावून तो गोदाकाठच्या फुलबाजारात विकणारी ही बाई आता आठवड्यातून एकदा काठी टेकत खाली यायची, शेवटच्या पायरीवर घटकाभर बसायची आणि परत वर चढायची. मळा विकून त्याचा एक तुकडा उरला होता. त्यावर दोन खोल्यांचं घर बांधायचं, सगळं तळमजल्यावर, आणि दारापुढे झेंडूपुरती माती मोकळी ठेवायची, असं ठरलं. भूमिपूजनाला आई चालत आली. सगळ्यांदेखत म्हणाली, "उंबऱ्यातून माझ्या पायानं आत जाईन. कुणी धरायचं नाय मला."

जोतं झालं आणि सिमेंटचा भाव चढला. पाठोपाठ लोखंड चढलं. मी घरी येऊन आईला भाव सांगितला तेव्हा ती हसली.

"लय माजलाय. थांब जरा. उतरंल."

आईचा हा सल्ला कुठून आला ते मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी दसऱ्याला मी तिच्याशेजारी झेंडूच्या ढिगामागे बसायचे. पहाटे सगळ्या फूलवाल्या बायका एकमेकींत बोलून भाव बांधायच्या आणि अकरापर्यंत कुणीही त्याखाली यायची नाही. गिऱ्हाईक चिडायचं, शिव्या द्यायचं, घ्यायचंच. दुपारी ऊन वर आलं की पहिली बाई हळूच खाली यायची, मग दुसरी. चारला आई ओंजळभर फुलं तशीच देऊन टाकायची आणि संध्याकाळी उरलेला ढीग तिथंच सोडून आम्ही घरी यायचो. जगात कुठलाही भाव चार वाजेपर्यंतच टिकतो, हे आई तिथं शिकली. मीही तिथंच शिकले. म्हणून मी थांबले. दुसऱ्या कुणाच्या पोरीने ही चूक केली नसती.

मी थांबले आणि कारणं ऐकत राहिले. डिझेल वाढलं म्हणून भाव वाढला. डिझेल थांबलं तेव्हा पावसाळा होता, खडीचे क्रशर बंद होते. पावसाळा सरला तर दिवाळीनंतर मागणी वाढली. मग सिंहस्थाची कामं निघाली, सगळा माल घाटांना आणि रस्त्यांना चालला. सिमेंटवरचा टॅक्स कमी झाल्याचं वाचून मी त्याच संध्याकाळी दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा जुना स्टॉक आहे." भाव वाढतो त्या दिवशी मात्र यांच्याकडे जुनं एक पोतं निघत नाही! नवा स्टॉक आला तोवर मूळ किंमतच सरकली होती. टॅक्स कमी झाल्याचा फायदा कुणाच्या घरात गेला, ते मला आजवर कळलेलं नाही. माझ्या घरात आला नाही एवढं नक्की.

नाशिकचे लुटतात म्हणून मी एसटीने घोटीला गेले. तिथल्या माणसाने आधी बरा भाव सांगितला. मग विचारलं, "साइट कुठंय?" मी मखमलाबाद म्हणाले. तो बाहेर जाऊन फोनवर बोलला आणि आत येऊन त्याने मला नाशिकचा भाव सांगितला. रुपयाचाही फरक नाही.

"ताई, तुमच्या एरियात मी माल टाकला तर कंपनीकडून माझा माल बंद होतो," तो म्हणाला. निदान खरं बोलला. मी त्याचाही चहा घेतला नाही.

शेवटी फारसं नाव नसलेलं एक स्वस्त सिमेंट शोधून काढलं आणि मिस्त्रीला पोत्याचा फोटो दाखवला. त्याने मान हलवली. "ह्या मालाची ग्यारंटी नाय ताई. उद्या स्लॅब गळला तर मला बोलायचं नाय." आईच्या डोक्यावरच्या स्लॅबचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? पुढे कळलं की तो सांगायचा त्या कंपनीच्या प्रत्येक पोत्यामागे त्याच्या मोबाईलवर पॉइंट जमा होतात. तशा पॉइंटांवर तो थायलंडला जाऊन आला होता. मी अजून गोव्याला गेलेले नाही. पॉइंटांचे पैसे कंपनी पदरचे घालत असेल असं मानणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर मिस्त्री.

दुसरा पावसाळा संपला तरी जोतं तसंच होतं. उभ्या सळ्यांना गंज चढला, भोवती गवत वाढलं. आई दर रविवारी विचारायची, "उतरला का?" आता तिने खाली येणं सोडलं होतं, मी परतताना दिसले की गॅलरीतूनच विचारायची. मी चिडून त्या जुन्या स्टॉकवाल्या दुकानदाराकडे गेले आणि सरळ विचारलं, तुमचा भाव उतरतो तरी कधी? आमच्याकडे झेंडूसुद्धा दुपारनंतर उतरतो.

तो मोठ्याने हसला. "मॅडम, सिमेंट म्हणजे झेंडू आहे का? भाव पडायला लागला की वरून कंपन्याच माल कमी सोडतात. पुढच्या महिन्यात भाव परत टाईट."

घरी येताना त्याच्या हसण्याचा मला भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलला होता. आमच्या बायकांनीही भाव बांधलाच होता, पण फूल त्यांना संध्याकाळपर्यंत धरून ठेवता येत नव्हतं. ऊन चढलं की त्यांची एकी मोडायची. यांच्या सिमेंटचा दगड डोंगरात आहे. तो कोमेजत नाही. विकायचा तेवढाच दळायचा आणि उरलेला डोंगरात राहू द्यायचा. इथं चार कधी वाजतच नाहीत, आणि मी दोन वर्षं घड्याळाकडे बघत बसले होते. हे मी आईला सांगितलं नाही. आणखी एक महिना बघू, म्हणाले.

त्या महिन्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायांवर उभी राहिली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी त्या दुकानदाराला फोन केला आणि भाव न विचारता माल टाकायला सांगितला. त्यानेच आपणहून सांगितला. मी थांबायला लागले त्या दिवसापेक्षा तो जास्त होता.

मग घर चटकन झालं. पैसा टाकला की सगळेच हुशारीने कामं करतात.

गृहप्रवेशाला आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून चौघांनी खाली आणलं आणि तसंच उचलून उंबऱ्यातून आत नेलं. तिने कुणाचा हात झिडकारला नाही. माणसं जेवून गेली तेव्हा मी तिची खुर्ची दारात आणली. समोर मोकळी माती होती, रोपं अजून लावायची होती. ती बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत बसली.

"मीच तुला थांब म्हणले," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "उतरला का गं शेवटी?"

तीन वर्षं मी खोटं बोलणाऱ्या माणसांचा उद्धार करत फिरले होते.

"उतरला की," मी म्हणाले. "चांगलाच उतरला. थांबलो म्हणून तर झालं घर."

"म्हणलं नव्हतं?" आई म्हणाली, आणि पुढे वाकून मातीला हात पोहोचतो का ते बघू लागली.